पाणी किती फूट? स्वतःकडे आणि दुसऱ्यांकडे नीट बघण्याची सवय

जुलैत पावसानं जोर धरला की कोल्हापुरात कुणीही कुणाला भेटलं तरी पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘पाणी किती?’ उत्तरही आकड्यातच येतं. पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा पातळी आणि ४३ फूट म्हणजे धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. ‘लई वाढलंय’ एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही. किती फूट, किती इंच, दुपारी किती होतं, राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडलेत, सगळं विचारून घेतलं जातं. २०१९ आणि २०२१ चे पूर ज्यांनी बघितलेत, त्यांना नुसत्या अंदाजावर विसंबण्याची किंमत चांगली माहीत आहे.

आता त्याच माणसाला त्याच्या भावाबद्दल विचारा. ‘तो पहिल्यापासून हेकट.’ मुलीबद्दल विचारा. ‘आळशी झालीय.’ स्वतःबद्दल? ‘मी सरळ माणूस, जे असेल ते तोंडावर बोलतो.’ इथे फूट नाहीत, इंच नाहीत. थेट निकाल.

‘स्वतःचं निरीक्षण करा’ हा सल्ला हल्ली सगळीकडून येतो. समुपदेशक सांगतात, मधुमेहाचे डॉक्टर सांगतात, मोबाइलमधली ॲप्स सांगतात. रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्या कितीतरी जणांच्या मनगटावर पावलं आणि झोप मोजणारं घड्याळ असतं. पण काल संध्याकाळी मी पोरावर एवढा का ओरडलो, हे त्या घड्याळात दिसत नाही. ते बघायचं कसं, हेही कुणी उलगडून सांगत नाही. सल्ला मिळतो, रीत मिळत नाही. म्हणून पहिल्यापासून सुरुवात करू.

निरीक्षण म्हणजे काय, आणि काय नव्हे

गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर संध्याकाळी एक माणूस येतो. म्हशीच्या धारोष्ण दुधाचा ग्लास घेतो, उभ्या उभ्या संपवतो, ग्लास आपटतो, पैसे ठेवतो. दूधवाला ‘काय पाव्हणं, बरं हाय न्हवं?’ म्हणतो, त्याला उत्तर न देता गाडी चालू करतो आणि जातो. शेजारी उभा असलेला म्हणतो, ‘मस्ती आलीय.’

यात दिसलं काय? ग्लास ठेवताना आवाज झाला. प्रश्नाला उत्तर आलं नाही. गाडी लगेच सुरू झाली. बस, एवढंच. ‘मस्ती आलीय’ हे दिसलं नाही, ते बघणाऱ्यानं लावलं. वर मी ‘ग्लास आपटतो’ असं लिहिलं, त्यातही माझं मत आधीच मिसळलेलं आहे. त्या माणसाला प्रश्न ऐकूच आला नसेल. सीपीआर रुग्णालयात कुणाला तरी डबा पोचवायचा असेल. किंवा खरंच मस्ती असेल. तीनही शक्यता त्या तीन गोष्टींत बसतात.

निरीक्षण म्हणजे दिसलेलं आणि लावलेलं वेगळं ठेवणं. माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा हाच आहे, बाकीचं यातूनच निघतं. बंधाऱ्यावरची पट्टी ४१ फूट सांगते. पूर येणार का, घर सोडायचं का, हे त्यानंतर माणसं ठरवतात. पट्टीवरच ‘घाबरा’ असं लिहिलेलं असतं, तर तिचा काही उपयोग झाला नसता.

निष्कर्ष काढूच नका असं मी म्हणत नाही. निष्कर्षाशिवाय एक दिवस निघणार नाही. फक्त तो कशाच्या आधारावर काढला, हे आपल्यालाच सांगता आलं पाहिजे.

डोळे उघडे आहेत म्हणजे दिसतंय असं नाही

‘मला सगळं दिसतं, मी काय आंधळा आहे का?’ अशी शंका इथे येतेच. डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग यावर फार बोलका आहे. लोकांना एक छोटी चित्रफीत दाखवली. त्यात काही जण आपसांत चेंडू टाकत होते. पांढऱ्या कपड्यांतल्या खेळाडूंनी चेंडू किती वेळा टाकला, एवढंच मोजायला सांगितलं होतं. मधेच गोरिलाचा वेश केलेली एक व्यक्ती खेळाडूंच्या मधून चालत आली, छाती बडवली आणि निघून गेली. मोजण्यात गुंतलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना ती दिसलीच नाही.

त्याआधी १९९८ मध्ये सायमन्स यांनी डॅनियल लेव्हिन यांच्यासोबत आणखी साधा प्रयोग केला होता. एक जण रस्त्यात अनोळखी माणसाला पत्ता विचारतो. बोलणं चालू असताना दोघांच्या मधून कामगार एक मोठं दार घेऊन जातात आणि त्या आडोशात पत्ता विचारणारा बदलतो. चेहरा वेगळा, आवाज वेगळा. तरीही सुमारे निम्मे लोक काहीच घडलं नसल्यासारखे पत्ता सांगत राहिले.

यात त्या माणसांचा दोष नाही. लक्ष ही मर्यादित गोष्ट आहे आणि ते आपण जे शोधत असतो त्याच्यामागे जातं. सूनबाईची चूक शोधणाऱ्या डोळ्यांना चूक दिसते, तिनं न सांगता केलेली चार कामं दिसत नाहीत. तिथे कुणी मुद्दाम डोळे झाकलेले नसतात, मनात ‘मोज’ म्हणून दिलेली गोष्ट वेगळी असते, एवढंच. त्यामुळे नीट बघायचं तर आधी विचारायचं, ‘मी आत्ता काय शोधतोय?’

दुसऱ्याचा स्वभाव, आपली परिस्थिती

दसरा चौकात सिग्नल सुटायच्या आधी कुणी आडवी गाडी घातली की तो बेशिस्त. तीच गाडी आपण घातली तर पोराची शाळा सुटलेली असते. दुसऱ्याचं वागणं त्याच्या स्वभावाच्या खात्यावर टाकायचं आणि त्याच्या भोवतीची परिस्थिती विसरायची, या ओढीला मानसशास्त्रात ‘गुणारोपणातली मूलभूत चूक’ म्हणतात. हे नाव ली रॉस यांनी १९७७ मध्ये दिलं, पण गोष्ट आधीपासून लक्षात आलेली होती. १९६७ च्या एका प्रयोगात लोकांना क्युबाचे नेते फिडेल कॅस्ट्रो यांच्या बाजूनं किंवा विरुद्ध लिहिलेले निबंध वाचायला दिले. कुठल्या बाजूनं लिहायचं ते लिहिणाऱ्याला नेमून दिलं होतं, हे सांगितल्यावरसुद्धा वाचणारे म्हणाले की लिहिणाऱ्याचं मत थोडंफार तसंच असणार.

असं का होतं? एक कारण अगदी डोळ्यांच्या जागेत आहे. दुसऱ्याकडे बघताना तो माणूस आपल्या नजरेच्या मधोमध असतो, त्याची परिस्थिती मात्र कुठेच दिसत नाही. स्वतः वागताना आपले डोळे बाहेर वळलेले असतात. समोर गर्दी, उशीर, साहेबांचा फोन. आपला आक्रसलेला चेहरा आपल्याला दिसत नाही, समोरच्याला दिसतो.

पाणी वाढलं तर आपण पंचगंगेचा स्वभाव वाईट म्हणत नाही. पाणलोटात पाऊस किती झाला ते बघतो, राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे बघतो, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणात पाणी किती अडवलंय यावर तावातावानं भांडतो. नदीला आपण जेवढी परिस्थिती देऊ करतो, तेवढी घरातल्या माणसाला देत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

सगळ्या समाजांत हे सारखंच असतं असंही नाही. जोन मिलर यांनी १९८४ मध्ये शिकागोतल्या आणि म्हैसूरमधल्या लोकांची तुलना केली. दुसऱ्यांच्या वागण्याची कारणं सांगताना अमेरिकी प्रौढ स्वभावाकडे जास्त वळत होते, म्हैसूरचे प्रौढ नात्यांकडे आणि प्रसंगाकडे. लहान मुलांत हा फरक फारसा नव्हता, वयाबरोबर तो वाढत गेला. म्हणजे कुठे बघायचं हे आपण शिकतो. आणि जे शिकता येतं, ते सुधारताही येतं.

निदान स्वतःला तरी आपण ओळखतो?

हा सगळ्यात अवघड भाग आहे, म्हणून इथे जरा थांबू.

रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन यांनी १९७७ च्या लेखात एका दुकानातला प्रयोग सांगितला आहे. नायलॉनच्या मोज्यांचे चार जोड ओळीनं मांडले आणि येणाऱ्यांना विचारलं, यातला सगळ्यात चांगला कोणता? लोकांनी उजव्या टोकाचा जोड कितीतरी जास्त वेळा निवडला. कारण विचारल्यावर कुणी विणकाम म्हणालं, कुणी पोत. चारही जोड अगदी सारखे होते. ‘उजवीकडे होता म्हणून’ असं कुणीच म्हणालं नाही.

२००५ मध्ये स्वीडनमधल्या पेटर योहान्सन, लार्स हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच्या पुढचं पाऊल टाकलं. दोन चेहऱ्यांच्या छायाचित्रांतला जास्त आवडलेला चेहरा निवडायला सांगितलं आणि हातचलाखीनं न निवडलेलं छायाचित्र त्या माणसाच्या हातात दिलं. ‘हा का निवडलात?’ बहुतेकांना बदल कळलाच नाही, आणि त्यांनी न निवडलेल्या चेहऱ्याची कारणं अगदी विश्वासानं सांगितली.

हे लोक खोटं बोलत नव्हते. आपल्या वागण्याचं कारण आपल्याला आतून दिसतं असं वाटतं, पण पुष्कळदा आपण ते नंतर जुळवतो, आणि इतक्या झटकन जुळवतो की जुळवल्याचंही कळत नाही. ‘मी ओरडलो कारण त्यानं ऐकलं नाही’ हे कारण असेल, किंवा दुपारचं जेवण राहिलं होतं हे असेल. नुसतं आत डोकावून ते ठरत नाही. म्हणूनच स्वतःला ‘का’ विचारण्याआधी ‘काय’ विचारावं. काय घडलं, कधी, कुठे, आधी काय झालं होतं. असे पाचसहा प्रसंग साठले की कारण बरेचदा आपोआप वर येतं.

दुसरी मदत बाहेरच्या डोळ्यांची. तालमीत कुस्ती शिकलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. लाल मातीत दोन पोरं धरलेली असतात, वस्ताद आखाड्याच्या कडेला उभे असतात. पट काढायला, म्हणजे समोरच्याचा पाय धरायला, जायच्या आधी एका पोराचा डावा खांदा दर वेळी किंचित खाली येतो. त्याला स्वतःला याचा पत्ता नसतो. त्याला जाणवतो तो दम, मानेवरचा हात, पायाखालची माती. समोरचा पोरगा मात्र खांदा खाली आला की पाय मागे घेतो. वस्ताद म्हणतात, ‘खांदा सांगायलाय तुझा.’ तेवढ्या तीन शब्दांसाठी पोरानं महिनाभर एकट्यानं विचार केला असता तरी ते सापडलं नसतं. दम किती लागला हे मात्र पोरालाच कळतं, वस्तादांना त्याचा अंदाजच बांधावा लागतो.

मानसशास्त्रज्ञ सिमीन वझीर यांनी २०१० मध्ये अशीच विभागणी दाखवली. मनातली काळजी, अस्वस्थता, स्वतःबद्दल वाटणारी किंमत या बाबतीत माणसाचं स्वतःचं सांगणं जास्त भरवशाचं. पण हुशारीसारख्या, ज्यांत चांगलं दिसायची इच्छा असते अशा गुणांबाबत मित्रांचा अंदाज जास्त बरोबर निघतो. तेव्हा ‘मला माझ्याइतकं कोण ओळखतं?’ हे अर्धंच खरं आहे. विश्वासातल्या एका माणसाला विचारून बघा, ‘मी बोलताना समोरच्याचं वाक्य तोडतो का?’ मोघम ‘मी कसा आहे?’ विचारलं तर मोघमच उत्तर मिळेल.

बघितल्यानं वागणंच बदलतं, मग खरं काय?

ही हरकत बिनतोड आहे. नदीला मोजलं म्हणून नदी बदलत नाही, माणूस बदलतो. कुणी बघतंय हे कळलं की आपण सावरून बसतो, आणि स्वतःच स्वतःला बघायला लागलो तरी तेच होतं.

स्वतःच्या बाबतीत हा दोष कामाला येतो. २००८ मध्ये अमेरिकेत वजन कमी करू पाहणाऱ्या सुमारे १,७०० लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज काय खाल्लं ते लिहून ठेवणाऱ्यांचं वजन, अजिबात न लिहिणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट उतरलं. यात एक सावधगिरी हवी. रोज नेमानं लिहिणारा माणूस मुळातच जास्त निर्धाराचा असू शकतो, सगळं श्रेय वहीला देता येणार नाही. तरी ‘मिसळीबरोबर दोन पाव जादा, कट तीनदा’ हे स्वतःच्या हातानं लिहिल्यावर चौथ्यांदा कट मागताना हात जरा अडखळतोच.

सारखं स्वतःकडे बघून डोकं फिरणार नाही का?

फिरू शकतं. पण एकच गोष्ट घोळवत बसणं आणि निरखणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि संशोधकांनीही त्या वेगळ्या मोजल्या आहेत. घोळवण्यात मन तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणतं, ‘मी असं का बोललो, काय वाटलं असेल त्यांना.’ निरखण्यात दर वेळी काहीतरी नवं सापडतं. रात्री अकरा वाजता तुम्ही कालच्याच जागी असाल, काहीच नवं हाती लागलेलं नसेल, तर ते निरीक्षण नाही. तिथे थांबावं.

दोन गोष्टींनी आधार मिळतो. एक, स्वतःशी बोलताना ‘मी’ऐवजी स्वतःचं नाव घेणं. ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं की अशा बोलण्यानं ताणाच्या प्रसंगात माणूस थोडा बाहेरून बघू शकतो आणि अस्वस्थता कमी होते. दुसरी, लोक आपल्याकडे आपल्याला वाटतं तेवढं बघत नसतात. २००० साली थॉमस गिलोविच यांनी विद्यार्थ्यांना एका गायकाचं चित्र असलेला, लाज वाटेल असा टीशर्ट घालून खोलीत पाठवलं. त्यांना वाटलं निम्म्या लोकांच्या तरी ते लक्षात आलं असेल. प्रत्यक्षात ते साधारण पाव लोकांच्या लक्षात आलं होतं. लग्नात आपल्या साडीवर पडलेला पांढऱ्या रश्शाचा डाग आपल्यालाच सगळ्यात मोठा दिसतो.

आपल्याकडे ही वाट जुनी आहे. हातकणंगले तालुक्यातल्या आळत्याच्या विपश्यना केंद्रात दहा दिवसांच्या शिबिरात श्वास आणि शरीरावरच्या संवेदना नुसत्या बघायला शिकवतात, लगेच प्रतिक्रिया द्यायची नाही. प्रत्येकानं तिथे गेलंच पाहिजे असं नाही, पण त्यातली शिस्त ओळखीची वाटेल. खाज आली, एवढंच बघायचं.

दुसऱ्याकडे बघणं म्हणजे पाळत ठेवणं नव्हे का?

याबद्दल मला ठामपणे लिहायचं आहे, कारण निरीक्षणाच्या नावाखाली आपल्याकडे बरंच खपवलं जातं. गल्लीच्या कट्ट्यावर बसून कोणाची पोरगी किती वाजता आली हे मोजणं म्हणजे पाळत. घरकामाला येणाऱ्या मावशींच्या पिशवीकडे लक्ष ठेवणं म्हणजे पाळत. बायकोच्या मोबाइलमध्ये ‘सहज’ बघणं म्हणजे पाळतच. जिच्यावर सतत नजर असते तिला विचारा, अशी नजर अंगावर कशी चढते.

फरक ओळखायला मी तीन प्रश्न विचारते. बघून जे कळलं, त्याचं मी काय करणार? ते त्या माणसाला तोंडावर सांगू शकेन का? आणि ज्याच्याकडे बघतेय, तोही माझ्याकडे तितक्याच मोकळेपणानं बघू शकतो का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल, म्हणजे समोरचा लहान आहे, नोकरीत खालचा आहे किंवा घरात नवा आहे, तर आपली जबाबदारी दुप्पट होते. आई चार दिवस ताटात भाजी टाकतेय हे लक्षात येणं आणि ‘आई, दाढ दुखतीय का?’ असं विचारणं, हे निरीक्षण. तेच चार जणांत ‘हिची नाटकं वाढलीत’ म्हणून सांगणं, हे निरीक्षण नव्हे.

दुसऱ्याबद्दलचा आपला अंदाज, कितीही चांगला असला, तरी तो विचारून पडताळावा. विचारण्याची हिंमत नसेल, तर तो आपल्यापाशीच ठेवावा.

सुरुवात कशी करायची?

एकच गोष्ट निवडा. ‘माझा राग’ फार मोठं झालं. ‘घरी आल्यावर पहिल्या अर्ध्या तासात माझा आवाज चढतो का’ हे बघण्याजोगं आहे. साधी वही घ्या आणि पानाचे तीन भाग करा. पहिल्यात वेळ आणि जागा. दुसऱ्यात जे घडलं ते, कॅमेऱ्यात दिसलं असतं तेवढंच. तिसऱ्यात मनात आणि अंगात काय झालं. एखादी नोंद अशी दिसेल:

मंगळवार, संध्याकाळी ७.२०, स्वयंपाकघर. केएमटी बसमध्ये उभं राहून आले. रोहननं डबा धुतला नव्हता. ‘तुला किती वेळा सांगायचं’ म्हणाले, आवाज मोठा. तो खोलीत गेला, दार लावलं. दुपारी दोननंतर काही खाल्लं नव्हतं. खांदे दुखत होते. वाटलं, माझी कुणाला किंमत नाही.

‘मी वाईट आई आहे’ हे यात कुठेच नाही, आणि ते लिहायचंही नाही. आठवडाभर असं लिहिल्यावर कदाचित दिसेल की डबा रोजच धुतलेला नसतो, पण आवाज फक्त उपाशी आलेल्या दिवशी चढतो. मग उपाय पर्समधल्या दोन चिक्क्यांत सापडू शकतो. किंवा दिसेल की भूक असो नसो, आवाज चढतोच, आणि तो फक्त रोहनवर चढतो, धाकटीवर नाही. ते वाचायला जड जाईल, पण शोधायला आलो होतो ते हेच.

‘एवढा वेळ कुणाला आहे?’ लिहायला दोन मिनिटं पुरतात. रोज जमलं नाही तर आठवड्यातून तीनदा लिहा, पण त्याच दिवशी लिहा. दोन दिवसांनी लिहिलं की घडलेलं कमी आणि जुळवलेलं जास्त उतरतं.

आणि नोंदींत दोनतीन आठवडे झोप उडालेली, जेवण तुटलेलं, जगण्यात रस उरलेला नाही असं पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर एकट्यानं निरखत बसू नका. ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. ‘बरं वाटत नाही’ यापेक्षा तारीखवार नोंदींतून त्यांना कितीतरी जास्त कळतं. लगेच कुणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते आणि तिथे मराठीतही बोलता येतं.